उजेडातल्या लाह्या

पॉपकॉर्न हे सिनेमाचं खाणं, अशी आपली पक्की समजूत आहे, आणि त्या समजुतीनेच त्याचं वाटोळं केलं. थिएटरात हातात येणारा पुडा तेलाने, मिठाने आणि लोण्याचा वास मारणाऱ्या कशाने तरी माखलेला असतो. मग डॉक्टर 'पॉपकॉर्न बंद' म्हणतात, त्यात बिचाऱ्या मक्याचा दोष काय? मक्याचा दाणा अख्खा फुलतो, कोंड्यासकट. त्यातलं काही चाळलेलं नसतं, काही घासून टाकलेलं नसतं. तेलाशिवाय फुलवलेल्या शंभर ग्रॅम लाह्यांत १४ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. अर्थात शंभर ग्रॅम एका बैठकीत कुणी खाऊ नयेत, पातेलं भरेल. तीस ग्रॅम घेतल्या तरी मोठा वाडगा शिगोशीग भरतो आणि कॅलरी सव्वाशेच्या आत राहतात. क्रीमची दोन-तीन बिस्किटं चहाबरोबर गेली की तेवढ्या कॅलरी पोटात जातात, आणि पोटाला पत्ताही लागत नाही.

साखर लागली की हा पदार्थ दुसराच होतो, हे करवाल्यांनाही पटलेलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, तेव्हा त्या वेळच्या दरांचा खुलासा झाला : खारे सुटे पॉपकॉर्न ५ टक्के, पाकीटबंद १२ टक्के आणि कॅरॅमलचे १८ टक्के, कारण ते साखरेच्या मिठाईत मोडतात. लोकांनी त्यावर पोटभर हसून घेतलं. पण आहाराच्या दृष्टीने पाहिलं तर तो वर्गवारीचा तक्ता फारसा चुकलेला नव्हता.

दाणा फुलतो कसा, हे कळलं की त्याच्याबद्दल आदर वाढतो. लाहीच्या मक्याचं टरफल जाड आणि घट्ट असतं, आत साधारण १४ टक्के ओलावा. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. १८० अंश सेल्सियसच्या सुमारास आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ नऊपट होतो, टरफल फाटतं, आणि मऊ लगदा झालेला स्टार्च फेसासारखा बाहेर उसळून तिथल्या तिथे थिजतो. टरफलाला चीर असेल तर वाफ आधीच निसटते. दाणा वाळून खडखडीत झाला असेल तर वाफच पुरत नाही. असे दाणे तळाशी गणंग म्हणून उरतात.

आपल्याकडे पंचमीला ज्वारीच्या लाह्या करणाऱ्या बायांना हे थर्मामीटरशिवाय ठाऊक होतं. ज्वारी उकळत्या पाण्यातून काढायची, निथळून फडक्यात बांधायची, रात्रभर मुरू द्यायची. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी सुकलं की तापलेल्या कढईत मूठभर टाकायची आणि कापडाच्या बोळ्याने भराभर फिरवायची. ही सगळी खटपट त्या ओलाव्यासाठी. कोणतीही ज्वारी चालत नाही, हेही त्यांना माहीत होतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी जो वाण काढला, त्याचं नाव 'फुले पंचमी' ठेवलं.

मका आपल्याकडे अमेरिकेतून आला, लाह्या त्याच्या फार आधीच्या. लग्नात लाजाहोमाला साळीच्या, लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर साळीच्याच, गोपाळकाल्यात ज्वारीच्या, उपासाला राजगिऱ्याच्या. तापातून उठलेल्या माणसाला लाह्यांचं पाणी. उन्हाळ्यात लाह्यांचं पीठ ताकात कालवून. या सगळ्या खाण्यांत एक गोष्ट सारखी आहे : ती उजेडात होतात. वाटीत काय आहे ते दिसतं, संपलं की कळतं.

अंधारात लाही नेली ती अमेरिकेने, आणि तीही नाखुशीनेच. सुरुवातीला तिथल्या थिएटरमालकांना पॉपकॉर्न आत नको होता. गालिचे खराब होतात, शिवाय मूकपट चालू असताना सगळीकडून कुरूमकुरूम! १९२७ नंतर बोलपट आले, आवाजात आवाज मिसळला. मग मंदीच्या वर्षांत पाच-दहा सेंटांचा पुडा गरिबालाही परवडू लागला आणि मालकांच्या लक्षात आलं की खरा पैसा तिकिटात नाही, पुड्यात आहे.

त्या अंधारात माणूस कसा खातो, याचा एक प्रयोग दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. सिनेमा बघायला आलेल्यांपैकी काहींना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना आठवडाभर पडून सादळलेले. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी सादळलेलेही ताज्याइतकेच संपवले. चव आवडली नाही असं ते स्वतःच सांगत होते, तरी. अशीच सवय असलेले दुसरे लोक थिएटराऐवजी सभेच्या खोलीत बसवले, तर ते शिळ्यापासून हात आखडता घ्यायचे. पुढे संशोधकांनी आणखी एक युक्ती केली : पुडा नेहमीच्या हातात धरायचा आणि दुसऱ्या हाताने खायचं. झालं, थिएटरातही सवय मोडली आणि शिळं शिळं लागू लागलं.

आपल्याकडे डाव्या हाताने खाल्लं की आजी हातावर चापट मारायची, त्यामुळे हा उपाय मराठी घरात चालेल असं वाटत नाही. पण टीव्ही बंद करून खायला कुठलीच आजी हरकत घेणार नाही. माझ्या मते पॉपकॉर्नची खरी वेळ सकाळी अकराची किंवा दुपारी चारची, जेव्हा भूक अर्धी असते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. जाड बुडाची कढई, चमचाभर तेल, त्यात दाण्यांचा एकच थर. झाकण किंचित तिरकं ठेवायचं, वाफ आत कोंडली तर लाह्या चामट होतात. मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून घ्यायचं. जाडं मीठ लाहीला चिकटत नाही, तळाला जातं, आणि लागत नाही म्हणून आपण आणखी घालतो. वर हळद, मिरपूड किंवा मेतकूट, एवढं पुरे. घरात चार वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या हाती मात्र देऊ नये, लाही घशात अडकते. दही घालून खायच्या असतील तर ज्वारीच्याच घ्या. मक्याचा चोथा दह्यात वातड लागतो, असं माझं मत, भांडायला तयार आहे.

आणि उजेडात खाण्याचा एक रोकडा फायदा सांगायचा राहिला. गणंग दिसतात. ते बाजूला काढता येतात. अंधारात ते दाढेखाली येतात आणि मग पॉपकॉर्नच्या पुड्यापेक्षा दातांचा डॉक्टर महाग पडतो.