नाकाचा शेंडा आणि पाण्याचा हंडा

आमच्या घरात 'लक्ष कुठंय?' हा प्रश्न 'जेवलास का?' यापेक्षा जास्त वेळा विचारला जातो. आईनं तो सुरू केला, शाळेत गुरुजींनी पट्टी हातात घेऊन पुढं चालवला आणि गेली तीस वर्षं आमच्या सौभाग्यवती तो स्वयंपाकघरातून विचारतात. बहुधा मी नळ उघडा ठेवून दाढी करत असतो तेव्हा.

शेवटी लक्ष देण्याचं रीतसर शिक्षण घ्यावं म्हणून मी इगतपुरीला गेलो. सत्यनारायण गोएंकांचं धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र तिथं 1976 साली सुरू झालं. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा आणि फी नाही. यातल्या शेवटच्या अटीनं माझा निश्चय पक्का झाला, हे कबूल करतो.

पहिले तीन दिवस काम एकच: येणारा-जाणारा श्वास बघायचा. मुद्दाम ओढायचा नाही, सोडायचा नाही, नुसता बघायचा. पहिल्या दिवशी मला श्वास सोडून सगळं दिसलं. गॅसचा नंबर, ऑफिसातला साहेब, बटाटेवडा. तिसऱ्या दिवशी मात्र नाकपुडीखाली, वरच्या ओठावर, आत जाणारी गार आणि बाहेर येणारी ऊबदार झुळूक स्पष्ट लागायला लागली. तीस वर्षं मी त्याच जागेवर मिशी बाळगून होतो, पण तिच्या आडून एवढी वर्दळ चालते याचा पत्ता नव्हता!

घरी आल्यावर आमच्या डॉक्टर भाच्याला हा साक्षात्कार सांगितला. तो म्हणाला, "मामा, झुळूक पहिल्यापासून लागतच होती. रोजच्या बातम्या मेंदू फायलीत टाकून देतो. नाकावरचा चष्मा तुम्हाला दिवसभर जाणवतो का? तुम्ही लक्ष दिलंत, फाईल उघडली."

मग तो रंगात आला. 2005 साली अमेरिकेत बोस्टनला सारा लाझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं ध्यान करणाऱ्यांचे मेंदू तपासले. शरीरातल्या संवेदनांची खबर ठेवणारा इन्सुला नावाचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा जाड दिसला.

"म्हणजे माझा मेंदू जाड झाला?"

"त्याबद्दल घरात आधीपासून एकमत आहे, मामा." एवढं बोलून त्यानं दुसरी बाजूही सांगितली. ध्यानानं मेंदू जाड होतो, की तसा मेंदू असणारेच ध्यानाला बसतात, हे त्या पाहणीतून ठरत नाही. पुढं 2022 साली विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त माणसांवर आठ आठवड्यांच्या शिक्षणाचा परिणाम तपासला, तेव्हा मेंदूच्या घडणीत काहीच फरक सापडला नाही. "ताण हलका होतो, लक्ष देण्याची सवय लागते, एवढं धरून चाला. लक्ष कशावर द्यायचं, ते मात्र मेंदूचा फोटो सांगत नाही."

त्याच मे महिन्यात आम्ही जव्हारचा राजवाडा आणि दाभोसा बघायला निघालो. कसाऱ्यावरून विहीगाव, खोडाळा, मोखाडा असा रस्ता. खोडाळ्याच्या अलीकडे एका विहिरीवर बायकांची रांग लागली होती. पाणी तळाला गेलेलं. एक बाई दोरानं कळशी सोडत होती, तोंड मात्र शेजारणीकडे. बोलता बोलता नेमक्या क्षणी तिनं दोर ओढला. कळशी भरलेली आणि पाणी स्वच्छ!

न राहवून मी विचारलं, "न बघता कसं कळलं हो?"

"पाणी वाजतं ना, भाऊ. खडकाला लागली का गाळ येतो." मग तिनं विचारलं, "तुम्ही कुठले?"

"मुंबईचे."

"म्हंजे आमच्याच पाण्याचे!" ती हसली. सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण जरा उशिरा.

कारण मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ आहे. पावसाळ्यात इथं दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघतात. नाकाखालची झुळूक मला दहा दिवसांत कळली. नळामागचा डोंगर जन्मभरात कळला नव्हता.

लक्ष काय, उंदरावर टपलेल्या मांजरालाही असतं. खिसेकापूचं तर विशेषच. म्हणूनच बुद्धानं नुसती स्मृती सांगितली नाही, 'सम्यक' स्मृती सांगितली. शिबिराची सुरुवातही श्वासानं होत नाही, पंचशीलानं होते. त्यातलं दुसरं शील असं, की जे दिलेलं नाही ते घेऊ नये. तेव्हा मी ते घाईघाईनं म्हणून टाकलं होतं. मी काही चोर नव्हतो! आता मात्र मनात येतं, ते पाणी मला दिलं कुणी? त्या बाईला तर कुणी विचारलं नव्हतं.

मी नळ बंद केला म्हणून ते पाणी घाट चढून खोडाळ्याला जाणार नाही, एवढं मला समजतं. त्यासाठी नळयोजना लागतात आणि त्या मागणारी माणसं लागतात. पण ज्याची फाईलच उघडली नाही, तो मागणार तरी काय? मराठीत आपण निरोप घेताना 'लक्ष असू द्या' म्हणतो. त्यात डोळेही आले आणि आस्थाही आली. निघताना ती बाईही नेमकं तेच म्हणाली होती.

परवा दाढी करताना आतून नेहमीची हाक आली, "अहो, लक्ष कुठंय?"

"खोडाळ्याला," मी म्हणालो.

"तिथनं परत या, आणि आधी तो नळ बंद करा!"

केला.