तळ्याचा धर्म आणि शासनाचे अनुदान

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले असून यज्ञ, होम यांसारख्या वैदिक कर्मांना इष्ट, तर विहीर, तळे, देवालय, अन्नछत्र, बाग यांसारख्या सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या कामांना पूर्त म्हटले आहे. इष्टाचा अधिकार वरच्या तीन वर्णांपुरता राखून ठेवणाऱ्या याच शास्त्राने पूर्ताचे दार मात्र स्त्रियांना आणि शूद्रांनाही उघडे ठेवले, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. कारण तळे खणणे आणि तळे राखणे हा कोणा एका वर्गाचा मान न राहता सर्वांचे कर्तव्य ठरते, हे त्यातून मान्य झाले. आज हे काम बहुतांशी शासनाकडे आले आहे. निधी मंत्रालयातून मंजूर होतो, अंदाजपत्रक अभियंता तयार करतो, निविदा निघते आणि कंत्राटदार गाळ उपसतो. अशा वेळी पूर्ताचे कर्तव्य कोणाचे राहिले, आणि अनुदान खर्ची पडले म्हणजे ते फिटले का, हा प्रश्न धर्मचिंतनाच्या कक्षेत येतो. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत तर तो फार स्पष्टपणे समोर उभा राहतो.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही चैत्र-वैशाखात डोंगरउतारावरच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांतील बायकांना हंड्याभर पाण्यासाठी चालावे लागते. पाणी पडते, पण उतारावरून वाहून जाते, म्हणून ते अडवून ठेवणारी तळी हा येथल्या वस्तीचा जुना आधार आहे. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणवीसांनी महादेवाचे मंदिर बांधले आणि त्याच्याजवळ तळे बांधून काढले, ते घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाटसरूंसाठी आणि त्यांच्या जनावरांसाठी. खालापूर तालुक्यातीलच महड येथील वरदविनायकाची मूर्ती 1690 साली तळ्यात सापडली आणि 1725 साली सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ उभारले, असे परंपरा सांगते. कर्जत तालुक्यातील माथेरानच्या पठारावर शार्लट तलाव आहे; गिरिस्थानाला पिण्याचे पाणी देणाऱ्या या तलावाच्या काठी माथेरानचे ग्रामदैवत पिसारनाथ आहे. तिन्ही ठिकाणी देव आणि पाणी शेजारी आहेत, आणि अशा पाण्याची जबाबदारी कायद्याने आता मुख्यतः देवाच्या विश्वस्तांकडे नसून सार्वजनिक यंत्रणांकडे आहे.

तळे बांधून झाले म्हणजे ते पूर्ण झाले, असे धर्मशास्त्र मानत नाही. त्यानंतर उत्सर्ग नावाचा विधी करावा लागे. सतराव्या शतकात काशीत राहिलेल्या, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी आपल्या ‘भगवंतभास्कर’ या बारा मयूखांच्या ग्रंथात ‘उत्सर्गमयूख’ हा एक स्वतंत्र मयूखच या विषयाला दिला आहे. दान आणि उत्सर्ग यांतील भेद भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात स्पष्ट केला आहे: दानात दात्याचे स्वामित्व संपून ते ठरावीक व्यक्तीकडे जाते, तर उत्सर्गात दाता आपले स्वामित्व सोडतो ते सर्वांसाठी, आणि नंतर त्याच तळ्याचे पाणी तो मालक म्हणून न पिता सर्वांपैकी एक म्हणून पितो. या विधीतील एक तपशील फार बोलका आहे. मत्स्यपुराणात तडागविधी सांगताना सोन्याचे कासव आणि मगर, चांदीचा मासा आणि पाणसाप, तांब्याचा खेकडा आणि बेडूक, लोखंडाचा शिशुमार अशा प्रतिमा करून त्या पाण्यात सोडण्यास सांगितले आहे. पाण्याने भरलेला खड्डा म्हणजे तळे नव्हे, त्यात राहणाऱ्या जिवांसह ते तळे होते, ही जाणीव या विधीत आहे. आजचे पर्यावरणशास्त्र ज्याला परिसंस्था, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या सजीवांचा आणि त्यांच्या भोवतालाचा समूह, म्हणते, त्याच्या ती फार जवळ जाते. काठाला उभी सिमेंटची भिंत घालून, वर फरशी आणि दिवे बसवून ‘सुशोभीकरण’ झाले असे जाहीर करणाऱ्या कामाचे मोजमाप याच कसोटीवर करायला हवे, कारण उभ्या भिंतीवरून बेडकाला बाहेर येता येत नाही आणि कासवाला अंडी घालायला मातीचा उतार उरत नाही.

उत्सर्गाच्या या वचनाला समाजाने किती जागा दिली, याचा निर्णय याच जिल्ह्यात झाला. खालापुरातील महडहून दक्षिणेला, सावित्रीच्या काठच्या महाड येथे 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याआधी 1923 साली मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला होता आणि महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले असल्याचे ठरवलेही होते, पण गुरे ज्या तळ्यावर पाणी पीत तेथे माणसांना मज्जाव कायम होता. सत्याग्रहानंतर तळे पंचगव्याने शुद्ध करण्यात आले, आणि पाण्यावरचा हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला 1937 साल उजाडावे लागले. सर्व भूतांसाठी सोडलेले पाणी सर्व माणसांनाही मिळाले नाही, हा धर्माचा पराभव होता, आणि तो पराभव दूर करण्यासाठी लोकांची चळवळ, विधिमंडळाचा ठराव आणि न्यायालयाचा निकाल या तिन्हींची गरज पडली. तळ्यांच्या कारभारात शासन आले हे आक्रमण आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास नजरेआड करू नये. गावाच्या परंपरेवर सगळे सोपवून द्यावे, हे उत्तर महाडनंतर शक्य राहिलेले नाही.

राज्यसंस्थेने तळ्यांसाठी पैसा आणि सवलत द्यावी हा विचारही नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवे तळे बांधणाऱ्याला पाच वर्षे, मोडकळीस आलेले दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षे आणि झाडोऱ्याने भरलेले साफ करणाऱ्याला तीन वर्षे करमाफी सांगितली आहे. शिवाय गावाच्या सामाईक बंधाऱ्याच्या कामात जो स्वतः येणार नाही त्याने आपले मजूर आणि बैल पाठवावेत, खर्चाचा वाटा उचलावा, पण लाभात त्याला भाग मिळू नये, असेही सांगितले आहे. ज्याला आज समन्वय म्हणतात, तो या नियमात शासन, लाभधारक आणि न आलेला शेजारी या सर्वांना एका हिशेबात बसवून साधला आहे. विष्णुधर्मसूत्र तर विहीर, बाग, तळे, देऊळ यांचा पुन्हा संस्कार करणाऱ्याला मूळ कर्त्याइतकेच फळ मिळते असे सांगते. जीर्णोद्धाराला नवनिर्मितीच्या बरोबरीने बसवणारे हे वचन आजच्या अंदाजपत्रकांना फार उपयोगी पडेल, कारण नव्या कामाची कोनशिला बसवता येते, दरवर्षीच्या गाळाची मात्र कोनशिला बसत नाही, आणि म्हणून त्याला तरतूदही मिळत नाही.

केंद्र शासनाने 2001 साली राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू केली. महाराष्ट्रात पवई, कोल्हापूरचा रंकाळा, ठाण्यातील तलाव अशा शहरी जलाशयांना तिचा लाभ मिळाला. 2013 साली ती पाणथळ जागांच्या कार्यक्रमात विलीन होऊन राष्ट्रीय जलीय परिसंस्था संवर्धन योजना झाली आणि तीत केंद्र-राज्य वाटा साधारणपणे 60 आणि 40 टक्के असा राहिला. 2017 पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे, जिच्यात उपसलेला गाळ शेतकऱ्याने आपल्या शेतात नेऊन पसरावा अशी कल्पना आहे. कौटिल्याच्या नियमाशी तिचे नाते सहज जुळते. 24 एप्रिल 2022 रोजी जाहीर झालेल्या अमृत सरोवर मोहिमेने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक एकराची 75 तळी करण्याचे किंवा सुधारण्याचे ठरवले, परंतु तिच्यासाठी स्वतंत्र निधी नव्हता. रोजगार हमी, वित्त आयोगाचे अनुदान आणि अन्य योजना यांची सांगड घालून ती पार पाडायची होती. सांगड घालणे हे म्हणायला सोपे आहे. एका तळ्याच्या बाबतीत ती कोणाकोणात घालायची, हे पाहिले म्हणजे अडचण कळते.

खोपोलीसारख्या शहरातल्या तळ्याचे उदाहरण घ्यावे. जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे 1966 च्या कायद्याच्या, 20 व्या कलमानुसार खासगी हक्क सिद्ध झालेला नसेल तर तळे आणि त्याचे पाणी राज्याचे असते, त्यामुळे नोंद महसूल खात्याकडे, देखभाल नगरपरिषदेकडे, पाण्याच्या प्रदूषणाची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, काठचे देवालय विश्वस्तांकडे, आणि ज्या उतारावरून पाणी येते तो, म्हणजे पाणलोट क्षेत्र, कधी वनखात्याकडे तर कधी खासगी मालकांकडे. माथेरानला हेच निराळ्या रूपात दिसते. तेथील बऱ्याच वाटा जांभ्याच्या तांबड्या मातीच्या आहेत, वर्षभर पावलांनी आणि घोड्यांच्या टापांनी ती माती मोकळी होते आणि आषाढातील पहिल्या मोठ्या सरीबरोबर उताराने खाली सरकते. वाटेची जबाबदारी एकाची आणि तलावाची दुसऱ्याची असेल, तर गाळ त्या दोघांच्या मधल्या जागेतून तलावात जातो. घरगुती सांडपाण्यातील फॉस्फरस आणि नायट्रोजन यांनी पाण्यात खत साचून शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात, आणि ती थांबवण्याचा उपाय तळ्यात नसून वरच्या वस्तीच्या गटारांत आहे. तळ्याचा निधी तळ्यापुरताच मंजूर होत असेल, तर तो मूळ कारणापर्यंत पोहोचतच नाही.

येथे देवधर्माच्या बाजूनेही प्रामाणिक कबुली हवी. निर्माल्य आणि रंगवलेल्या प्लास्टरच्या मूर्ती यांनी अनेक तळ्यांचा गाळ वाढवला आहे, आणि पाण्यात देव सापडला म्हणून ज्या तळ्याला पावित्र्य आले त्याच पाण्याला भक्तीने इजा व्हावी, हे शास्त्राच्या दृष्टीनेही समर्थनीय नाही. उत्सर्गाचा अर्थ पाणी सर्वांसाठी मोकळे करणे हा आहे. सर्वांनी त्यात हवे ते टाकावे, असा तो कधीच नव्हता.

शासन पुण्य मिळवत नाही, मग त्याच्या खर्चाला पूर्त म्हणता येईल का, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर भारतीय न्यायव्यवस्थेने आपल्या भाषेत दिले आहे. 1996 च्या कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्त तत्त्व स्वीकारले. नद्या, किनारे, वने यांसारख्या नैसर्गिक साधनांचे राज्य हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, असे हे तत्त्व सांगते. विश्वस्ताला स्वतःची वस्तू दान करता येत नाही, कारण ती त्याची नसतेच. म्हणून तळ्याला दिलेल्या अनुदानाची कृपा म्हणून जाहिरात करणे तत्त्वतःच चुकीचे आहे; तो विश्वस्ताने लोकांच्याच पैशातून लोकांच्याच ठेवीवर केलेला खर्च आहे, आणि विश्वस्ताचे पहिले कर्तव्य हिशेब देणे हे असते. विश्वस्त नेमला म्हणून लोकांचे कर्तव्य मात्र संपत नाही. जपानमधील बिवा सरोवरात 1977 साली शेवाळाने पाणी तांबडे झाले, तेव्हा तेथील गृहिणींनी फॉस्फेट असलेल्या धुण्याच्या पावडरी सोडण्याची चळवळ केली आणि 1979 साली शिगा प्रांताने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला. घरातली मोरी आणि शासनाचा कायदा तेथे एकाच कामाला लागले.

कर्जत-खालापूरच्या बाबतीत न्यायाचा आणखी एक भाग उरतो, आणि तो सर्वांत जड आहे. घाटमाथ्यावर अडवलेल्या पाण्यावर टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र 1915 पासून आणि भिवपुरीचे 1922 पासून चालत आले. धावरी नदीवरचे खालापूर तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे असून त्या शहराची तहान भागवते. या डोंगरांतल्या पाण्याने दूरची शहरे उभी राहिली, हे वाईट नाही. पाणी सर्वांचे आहे, असे म्हणणाऱ्या धर्माला ते मान्यच असले पाहिजे. पण जो लाभ घेतो त्याने खर्चाचा वाटा उचलावा हेही त्याच धर्माचे म्हणणे आहे, आणि म्हणून या दोन तालुक्यांतील लहान तळ्यांच्या दुरुस्तीचा आणि त्यांच्या पाणलोटाचा एक वाटा या पाण्याचा उपयोग करणाऱ्या शहरांच्या पाणीपट्टीतून यावा, ही मागणी भीक ठरत नाही. तो वाटा एकदाच न देता दरवर्षी द्यावा, आणि त्यातील ठरावीक भाग गाळ, सांडवा आणि गटारे यांच्या देखभालीसाठीच राखून ठेवावा.

संविधानाच्या अकराव्या अनुसूचीने लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास हे विषय पंचायतींकडे सोपवण्याजोगे म्हणून नोंदवले आहेत. 1 मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते, तेव्हा तळ्याचे पाणी आटून काठाचा गाळ उघडा पडलेला असतो आणि पावसाला जेमतेम महिना उरलेला असतो. कर्जत आणि खालापूरमधील प्रत्येक गावाने त्या सभेत आपल्या तळ्यासाठी आलेल्या आणि खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागावा, आणि वाडीवरच्या बायकांना तो प्रश्न सर्वांत आधी विचारू द्यावा.