चित्र, कथेकरी आणि द्रष्टा

मोरजीच्या मोरजाई देवीच्या मंदिरातील कावी चित्रे रंग खरवडून उमटली आहेत: चुन्याच्या शुभ्र गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर चढवावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून आतला पांढरेपणा उघडा करावयाचा, अशी ती विद्या. पेडणे महालातील एखाद्या विद्यार्थिनीने त्यांचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर ठेवले, आणि त्यास उत्तरादाखल डिचोलीच्या विद्यार्थ्याने नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे, शिवाजी महाराजांनी 1668 साली ज्याच्या जीर्णोद्धाराचा हुकूम दिला त्या देवालयाचे, चित्र पाठविले, तर दोन तालुक्यांच्या शाळा ज्ञानाने जोडल्या जातील, हे मी निःशंकपणे मान्य करतो. माझी चिंता पाहणाऱ्या जीवाविषयी आहे.

वेदान्त्यांनी द्रष्टा आणि दृश्य यांचा विवेक करावयास सांगितला, कारण पाहणारा पाहिलेल्या वस्तूत स्वतःस हरवून बसला की तेथूनच बंध सुरू होतो. या माध्यमात सकाळी द्रष्टा असलेले मूल, आपल्या चित्राला कितीजणांनी पसंती दिली हे मोजता मोजता, सायंकाळपर्यंत स्वतःच दृश्य होऊन जाते. कावीची रेषा कशी कोरली हे विसरते, आकडा तेवढा लक्षात राहतो. शिक्षणाची खरी हानी ती हीच.

1788 साली पोर्तुगिजांकडे जाण्यापूर्वी पेडणे ज्या सावंतवाडीकरांच्या अंमलाखाली होते, त्यांच्याच मुलखातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने पोथीतील एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारताची आख्याने गातात. तेथे चित्र बेवारस सुटत नाही. दाखविणारा समोर बसलेला असतो, विचारल्यास त्याला उत्तर द्यावे लागते, आणि प्रसंग पुरा झाल्यावाचून पुढचे चित्र येत नाही. चित्राची जबाबदारी घेणारा असा कोणी असला, तरच पाहण्याचे जाणणे होते, असे माझे मत आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट घातली, ती योग्यच. परंतु संमतीच्या दस्तऐवजाने अवधान शिकविता येत नाही.

म्हणून पेडणे-डिचोलीच्या शिक्षकांस माझी कळकळीची विनंती आहे की, खाते वर्गाच्या नावाने ठेवावे, त्यावर मुलांचे चेहरे नसावेत, पसंतीचे आकडे झाकावेत, आणि चित्र कोठले, कसे घडले, कोणाकडून कळले हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिल्यावाचून ते प्रसिद्ध करू नये.