मागचे इंजिन

नाशिककडे निघालेल्या जड गाडीला कसाऱ्यात मागून इंजिन जोडतात. घाटाचा चढ ३७ ला १. रेटा नसेल तर इगतपुरी गाठणे कठीण. या मागच्या इंजिनाला रेल्वेवाले 'बँकर' म्हणतात. मी बँकेत कारकून, त्यामुळे गावाला हा विनोद वर्षानुवर्षे पुरला आहे.

महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पेशाने न्यायाधीश. १८७३ साली पहिली पत्नी वारली. वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून एकतीस वर्षांच्या या सुधारकाने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले! दुसऱ्यांचे निकाल देणारा माणूस घरचा खटला हरला.

वाचून मला केवढा धीर आला म्हणून सांगू! कॉलेजात हुंड्याविरुद्ध बोलून मी बक्षीस मिळवले आणि वडिलांच्या शब्दाखातर सासऱ्यांची स्कूटर घेतली. हिला म्हटलं, "बघ, रानड्यांनासुद्धा जमलं नाही!"

"अहो, पण त्यांनी रमाबाईंना शिकवलं. बाईंनी पुढे पुण्यात सेवासदन चालवलं, आठवणींचं पुस्तक लिहिलं. तुम्ही मला स्कूटरसुद्धा शिकवली नाहीत. माझ्याच बापाची!"

मी गप्प. खातेवहीत चूक खोडायची नसते, दुरुस्तीची नोंद करायची असते, हे बी.कॉम.ला शिकलो होतो. थोरांची चूक तेवढी मी माझ्या खात्यात जमा केली. दुरुस्ती त्यांच्याच खात्यात राहिली.

रविवारपासून स्टेशनरोडवर शिकवणी सुरू आहे. स्कूटर जुनी, वारंवार बंद पडते. ही हँडल धरून बसते, मी मागून ढकलतो.

बँकर!