डॉक्टरलाही दिसत नाही, तेव्हा



संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाची हकिकत येते. प्रायश्चित्तकाळात दर तीन वर्षांनी आपण ती मिस्सेत ऐकतो. प्रभू येशू त्या माणसाला दृष्टी देतो ते थोडक्यात सांगितले आहे. उरलेला जवळजवळ सारा अध्याय चौकशीचा आहे. काही शेजारी म्हणतात, हा तो नव्हेच. परूशी त्याला दोनदा उभे करतात. तो मुळात आंधळा होता यावरच त्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून आईवडिलांना बोलावले जाते आणि तेही भीतीपोटी हात झटकतात.

या माणसाचे आंधळेपण वर्षानुवर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर भीक मागत बसलेले होते. तरीही त्याला ते सिद्ध करावे लागले. मग ज्यांचे दुखणे बाहेरून दिसतच नाही, त्यांनी काय करावे? आणि आपण त्यांच्याशी कसे वागावे? एका आजाराच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करू या.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या लाइम या गावावरून 'लाइम रोग' हे नाव पडले. एका जातीच्या गोचिडीच्या चाव्यातून त्याचे जंतू माणसाच्या अंगात शिरतात. या गोचिडीचे पिलू खसखशीच्या दाण्याएवढे असते, त्यामुळे ते चावलेले पुष्कळांना कळतही नाही. बहुतेकांच्या अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठतो, पण सगळ्यांच्या नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत रक्ताची तपासणीही निर्दोष येऊ शकते. वेळीच अँटिबायोटिक मिळाले तर बहुतेक रोगी बरे होतात. काहींच्या बाबतीत मात्र जंतू सांध्यांत, हृदयात किंवा मज्जातंतूंत पोहोचतात आणि क्वचित डोळ्यांनाही त्याची झळ लागते.

कोणाच्या चेहऱ्याची नस लुळी पडते, पापणी मिटत नाही आणि डोळा कोरडा पडतो. कोणाच्या डोळ्याच्या आत सूज येऊन धूसर दिसू लागते. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला तर वाकताना किंवा उठताना काही क्षण डोळ्यांपुढे सगळे काळे होते आणि लगेच पूर्ववत दिसू लागते. असा त्रास लहान मुलांतही आढळला आहे. हा दाब तसाच राहिला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. कधी दृष्टीची नस डोळ्याच्या मागच्या बाजूला सुजते. अशा वेळी डॉक्टर डोळ्यात निरखून पाहतात, तर सारे ठीक दिसते. या दुखण्याविषयी डॉक्टरमंडळींत एक जुनी म्हणच आहे: रोग्याला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही.

एखादे मूल वर्गात म्हणते, "बाई, मला फळा दिसेनासा झाला." आणि क्षणभराने तेच मूल फळ्यावरचे नीट वाचते. त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? अभ्यास टाळायला नाटक करतोय, असेच आपण म्हणू.

या रोगाचा शोध लागला तोही अशाच एका अविश्वासातून वाट काढत. लाइम गावात पॉली मरी नावाची एक गृहिणी होती. ती आणि तिच्या घरची माणसे कित्येक वर्षे आजारी पडत होती. कधी चट्टे, कधी ताप, कधी सुजलेले सांधे. डॉक्टरांना कारण सापडेना, आणि काहींना तर हे तिच्या मनाचेच खेळ वाटले. तिने मात्र सारे लिहून ठेवले आणि गावात आणखी कोणाला असा त्रास होतो याची यादी केली. १९७५ साली तिने आणि गावातल्या आणखी एका आईने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले. येल विद्यापीठातले डॉ. ॲलन स्टीअर यांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले. १९७७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्या परिसरातील ५१ रोगी होते आणि त्यांपैकी ३९ मुले होती. प्रत्यक्ष जंतू विली बर्गडॉर्फर यांना सापडले ते १९८१ साली. म्हणजे आई खरे सांगत होती, हे ठरायला पुरावा मागाहून आला. दुखणे आधीपासूनच खरे होते.

येथे कोणी विचारील, पुराव्याशिवाय विश्वास ठेवणे शहाणपणाचे आहे का? चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टीन यांनी या प्रश्नाचा विचार केला होता. मित्राचे मन डोळ्यांनी दिसत नाही, तरी आपण त्याच्या प्रेमावर विश्वास ठेवतो. डोळ्यांना दिसेल तेवढेच खरे मानायचे ठरवले, तर मैत्री, संसार, समाज काहीच टिकणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. वेदनेचेही तसेच आहे. दुसऱ्याची वेदना आपल्याला कधीच दिसत नाही. दिसतो तो फक्त माणूस, आणि ऐकू येतो तो त्याचा शब्द.

पण याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. वेदनेवर विश्वास ठेवणे वेगळे आणि तिच्या कारणाविषयी ऐकलेले सगळे खरे मानणे वेगळे. लाइम रोगाचे उपचार झाल्यावरही काहींना थकवा, अंगदुखी आणि विसराळूपणा यांचा त्रास दीर्घकाळ होत राहतो. अशांपैकी काहींना तीन महिने अँटिबायोटिक देऊन पाहिले गेले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचण्यांत, औषध घेतलेल्यांना औषध न मिळालेल्यांपेक्षा अधिक गुण आला नाही. त्यांचा त्रास खरा होता, उपाय मात्र तो नव्हता. दृष्टीची नस सुजण्यालाही लाइमखेरीज इतर अनेक कारणे असतात. म्हणून "तुझे दुखणे खरे आहे" असे म्हणणाऱ्याने "त्याचे कारण मलाही ठाऊक नाही, आपण नीट शोधू" असे म्हणण्याचेही धैर्य ठेवावे. सत्याशिवाय दया रोग्याला आडवाटेला नेते. दयेशिवाय सत्य त्याला एकटे टाकते.

आणि कोणी खरोखरच ढोंग करीत असेल तर? तसेही घडते. पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. ढोंग्यावर विश्वास ठेवला तर आपला थोडा वेळ जाईल, फार तर आपण फसू. खऱ्या रोग्याला खोटे ठरवले तर त्याची दृष्टी जाऊ शकते, आणि त्याआधी त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो. फसवले जाण्याची थोडी तयारी ठेवल्याशिवाय ख्रिस्ती प्रीती जगता येत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत शौलाची गोष्ट आहे. दिमिष्काच्या वाटेवर त्याची दृष्टी गेली आणि तीन दिवस तो आंधळा होता. त्याच्याबरोबरच्या माणसांना कोणीच दिसले नव्हते. काय घडले ते त्यांना उमगलेही नसावे. तरी त्यांनी पुरावा मागितला नाही. त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला शहरात नेले. पुढे हनन्या आला. शौलाविषयी त्याच्या मनात शंका होत्या, पण त्याने हाक मारली ती 'बंधो' अशी.

आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे आहेत. रोज डोके दुखते म्हणणारी सून, थकलो म्हणणारा तरुण मुलगा, नीट दिसत नाही म्हणणारी आजी. रिपोर्ट 'नॉर्मल' आला की आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि पुढच्या वेळी त्यांचे बोलणे अर्ध्यावर तोडतो. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाजवळ बसून शेवटपर्यंत ऐकू या. गरज पडली तर दुसऱ्या डॉक्टरकडे त्यांच्यासोबत जाऊ या. डोळ्यांच्या दुखण्यात आपण संत लुसीची मध्यस्थी मागतो. आपल्या स्वतःच्या डोळ्यांसाठीही ती मागू या.

हे प्रभो, सभास्थानातून हाकलून दिलेल्या त्या माणसाला तू स्वतः शोधून काढलेस. ज्यांचे कोणी खरे मानत नाही, त्यांच्यापर्यंत आम्हालाही ने. आमेन.