न आलेले बिल



"मला काय लागते? दोन भाकऱ्या आणि वाटीभर कालवण!" असे अभिमानाने सांगणारे आजोबा आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. त्यांचे म्हणणे खोटे नसते. मात्र ती भाकरी कोणी थापली, कालवणासाठी नारळ कोणी खवला, हे सहसा कोणी विचारीत नाही. साध्या राहणीच्या हिशेबात हे हात धरायचे की नाही?

साध्या, स्वावलंबी जीवनावरील एक जगप्रसिद्ध पुस्तक वाचताना हाच प्रश्न समोर येतो. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी कॉन्कर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला. जगण्यासाठी माणसाला खरोखर किती लागते, हे त्याला अनुभवाने पाहावयाचे होते. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशी झोपडी त्याने स्वतः बांधली. खर्च आला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. सुमारे अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवड्याचे पीक घेतले. वर्षातून सहा आठवडे काम केले तर आपला खर्च भागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. तेथे तो दोन वर्षे, दोन महिने राहिला. १८५४ साली 'वॉल्डन' प्रसिद्ध झाले. दुर्गाबाई भागवतांनी ते मराठीत आणले.

थोरोने पै-पैचा हिशेब दिला आहे. त्यातच एक छोटीशी नोंद आहे : कपडे धुणे व शिवणटिपण बहुतेक बाहेरच झाले, त्याचे बिल अजून आलेले नाही! जमीनही त्याची नव्हती. ती त्याचे स्नेही इमर्सन यांची होती. झाडे तोडावयाची कुऱ्हाडसुद्धा उसनी होती.

मग हे स्वावलंबन ढोंगी होते का? तसे म्हणवत नाही. ढोंगी माणूस अशी नोंद लपवतो; थोरोने ती छापली. त्याचे खरे चुकले ते दुसऱ्या ठिकाणी. एकदा पावसात तो जॉन फील्ड नावाच्या गरीब आयरिश मजुराच्या गळक्या घरात आडोशाला गेला. बायको-मुलांसाठी दलदलीची जमीन खणून राबणाऱ्या त्या माणसाला थोरोने उपदेश केला : चहा, कॉफी, लोणी, दूध, मांस सोडा, म्हणजे एवढे राबावे लागणार नाही. थोरो स्वतः अविवाहित होता. दूध नको म्हणणे त्याला सोपे होते. ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला कसे सोपे असेल? साधेपणा स्वतः निवडणे वेगळे आणि गरिबाला तो शिकवणे वेगळे.

पण त्याच पुस्तकातील दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. उसनी आणलेली ती कुऱ्हाड थोरोने परत केली, तेव्हा ती आणली त्यापेक्षा अधिक धारदार होती. स्वावलंबनाचा याहून चांगला अर्थ मला सुचत नाही. 'मला कोणाची गरज नाही' हे स्वावलंबन नव्हे. तो अहंकार होय. आपण कोणाकोणाचे देणे लागतो हे ओळखणे, शक्य तेवढे आपल्या हाताने करणे आणि घेतलेली वस्तू धार लावून परत देणे, हे खरे स्वावलंबन.

गरजा कमी करणे चांगलेच आहे. पण माझ्या साधेपणामुळे घरातल्या दुसऱ्या कोणाचे काम वाढत असेल, तर मी ओझे कमी केलेले नाही, ते फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवले आहे.

आज दुपारी जेवून उठताना आपण एवढेच करू या. आपले ताट आपण धुऊ या, आणि इतकी वर्षे ज्यांनी बिल पाठवले नाही, त्यांच्याकडे एकदा पाहू या.