भीमेच्या उत्तर काठचा रकाना

अफजलपूर तालुक्यातून भीमेत उतरलं की पलीकडचा काठ इंडी तालुक्याचा. आज दोन्ही काठ कर्नाटकात आहेत. १८७६ साली मात्र दक्षिण काठ मुंबई इलाख्यात होता आणि उत्तर काठ निजामाच्या राज्यात. त्या साली सुरू झालेला दुष्काळ काही नदीशी थांबला नाही. मोजणी तेवढी थांबली.

इलाख्यात १८७२ साली खानेसुमारी झाली होती, पुढची १८८१ साली. कलादगी, म्हणजे आताचा विजापूर-बागलकोटचा मुलूख, तेवढ्यात आठ लाखांवरून साडेसहा लाखांच्या आत आला. सोलापूरही असंच खचलं. निजामाकडे पहिली शिरगणतीच १८८१ ची, त्यामुळे कलबुर्गी-बीदरची वजाबाकी मांडायला वरची संख्याच नाही. या दुष्काळाचे ५५ लाख बळी म्हणून जो आकडा पुस्तकांतून फिरतो, तो ब्रिटिश मुलखापुरता. तोच सगळ्यांचा म्हणून वाचला, की कलबुर्गीच्या रकान्यात आपण गुपचूप शून्य भरलेलं असतं.

हा रकाना अंदाजाने भरायला माझी हरकत नाही. सोलापूर, कलादगी शेजारीच; ज्वारी तीच, आभाळही तेच. त्यांची घट धरून 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' एवढं म्हणता येईल. कारण इथली नोंद नाही ती सरहद्दीमुळे. इथे माणसं जास्त मेली की कमी, याच्याशी तिचा संबंध नाही.

कलादगीच्या आतल्या गावोगावच्या मृत्यूनोंदींचं तसं नाही. दुष्काळात नोंदवही आधी कोलमडते ती सर्वांत जास्त माणसं मरतात तिथेच. वाटेवर पडलेल्याला तर गावच नसतं. तिथे उरलेल्या नोंदींची सरासरी लावणं म्हणजे जगलेल्यांना विचारून मेलेल्यांचा हिशेब करणं. कितीही चांगलं सूत्र आणा, हा तोटा त्यातून निघत नाही. शिवाय घटलेल्यांत मेले किती आणि नदी ओलांडून गेले किती, हेही वजाबाकी बोलत नाही.

मोजणीतून माणसं आजही सुटू शकतात. येत्या जनगणनेतली माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. ऐन उसाच्या हंगामात. बीदरमधल्या औरादकडच्या तांड्यांवरची कुणी ऊसतोडीला गेलेली असतील, कुणी हैदराबाद-मुंबईला बांधकामावर. घराला कुलूप. फडावरच्या कोपीपर्यंत प्रगणक पोचला तर ती माणसं तिथे मोजली जातील, नाही तर दोन्हीकडून सुटतील.